चौकाखालचं वळण

चावीकाकांना शहरातलं काय माहीत नाही ते विचारा. किंवा नकाच विचारू, कारण मग ते सांगत बसतील आणि तुमचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. छत्तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात काढली. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि मोजून बावीस फेरे द्यायचे, की त्या गल्लीत पाणी सुरू. म्हणून सगळे त्यांना चावीकाका म्हणायचे, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. रस्त्याने चालताना त्यांची नजर अजून खालीच असायची. समोरून खुद्द व्याही आले तरी दिसायचे नाहीत, पण कुठे नवं झाकण बसलं की ते मात्र पन्नास पावलांवरून दिसायचं.

घरात माणसं तीन. काका, त्यांचा मुलगा आणि सून. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सून परगावची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. पुस्तकांच्या दुकानात काम करता करता तिला या शहराच्या इतिहासाचं वेड लागलं होतं आणि आता ती गाईडच्या परवान्याची परीक्षा देत होती. लेखी पेपर झाला होता, तोंडी बाकी होती.

एकदा जेवताना मुलाने विषय काढला. "बाबा, कंपनी मला दुसऱ्या शहरात मुख्य मेकॅनिकची जागा देतेय. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

"हिला इथे परवाना मिळाला तर आम्ही राहतो," तो पुढे म्हणाला. "तिचं काम इथे सुरू होईल. नाही मिळाला तर जाऊ म्हणतोय. तुम्हाला चालेल ना?"

आता इथे सरळ 'नाही चालणार' म्हणायला काकांचं काय जात होतं? पण नाही. माणसाचा स्वभाव आडवा येतो तो असा. "मला न चालायला काय झालं?" काका म्हणाले. "खुशाल जा. माझं काही अडत नाही. घर कसं शांत होईल, रेडिओ मोठ्याने लावता येईल." एवढं बोलले आणि त्यांना असा ठसका लागला की सुनेला उठून पाणी द्यावं लागलं.

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा रिकामी खोकी घेऊन आले. "सामानाला उपयोगी पडतील," म्हणाले. मुलाने खोक्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि कामावर निघून गेला. ती सहा खोकी दाराजवळ रचून ठेवलेली, आणि जाता येता ती दिसली की काका मान फिरवायचे. स्वतःच आणलेली खोकी! सांगणार कोणाला?

परवाना मिळायलाच हवा, बस्स, असं त्यांनी मनाशी घेतलं. तसं बोलले मात्र नाहीत. सुनेला एवढंच विचारलं, "काय गं, त्या तोंडी परीक्षेत विचारतात तरी काय?"

"विचारत नाहीत बाबा, चालवतात," सून म्हणाली. "परीक्षक बाईंना दोन तास शहर दाखवायचं. अर्धी ठिकाणं पुस्तकातली. ती मला पाठ आहेत. पण तीन ठिकाणं पुस्तकाबाहेरची हवीत. आपली आपण शोधलेली. तिथेच माझी पंचाईत आहे. मी इथली कुठे?"

"तीनच?" काका म्हणाले. "तीनशे घे!"

झालं. रोज सकाळी सहा वाजता सासरा पुढे आणि सून मागे, अशी वरात निघायला लागली. पहिले दोन दिवस निव्वळ फुकट गेले, कारण काकांचं प्रत्येक वाक्य 'इथे खाली आठ इंची नळ आहे' असं सुरू व्हायचं.

"बाबा, फिरायला आलेल्या लोकांना नळाचं काय हो?"

"का? ते पाणी पीत नाहीत?"

"पितात, पण बघायला येत नाहीत."

काकांना हा नळाचा अपमान वाटला, पण गिळला. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी नळ बाजूला ठेवला आणि नळापायी जे जे पाहिलं होतं ते सांगायला सुरुवात केली. आणि मग कुठे सुनेची वही भरायला लागली.

धोबीखान्याच्या मागे एक भिंत होती. तिच्या पोटातून थंड पाण्याचा जाडजूड नळ जातो, म्हणून भर उन्हाळ्यात ती भिंत गार असते, आणि दुपारी बारा वाजता अख्ख्या वस्तीतली मांजरं तिला पाठ लावून ओळीने झोपतात. काकांनी एकदा एकोणीस मोजली होती. हे पहिलं ठिकाण. दुसरं म्हणजे चांभारगल्लीतले समोरासमोरचे दोन सज्जे. इतके जवळ, की या घरातून त्या घरात इस्त्री हातोहात देता येते. त्या दोन घरांना मिळून पूर्वी एकच नळ होता. त्यावरून दोन कुटुंबं तीस वर्षं भांडली आणि घरोघर नळ आले तेव्हा भांडायला कारण उरलं नाही म्हणून दोन्ही घरांतल्या बायकांनी मिळून शिवणाचा क्लास काढला. तो क्लास अजून चालतो, आणि शिकवताना दोघी अजून भांडतात.

पण काकांचा खरा जीव होता तो तिसऱ्या ठिकाणावर. घड्याळाच्या मनोऱ्यासमोरचा मोठा चौक. चौक कसला, नुसतं फरशीचं मैदान. मधोमध काहीही नाही.

"इथे काय दिसतं?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही," सून म्हणाली. "पुस्तकातही तेच आहे. हे पहिल्यापासून मोकळं मैदान होतं."

"पुस्तकाला काय कळतंय! हे बघ, मोठा नळ मनोऱ्याकडून येतो आणि बाजाराकडे जातो. खात्याच्या नकाशात तो सरळ रेघ मारल्यासारखा आहे. पण नकाशा काढणारे बसतात कचेरीत. नळ टाकणारे बसतात खड्ड्यात. नळ सरळ नाहीच मुळी. मधोमध तो असा पोट काढून बाजूने जातो. का? मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं. इथे मोठं झाड होतं. खणताना त्याच्या मुळ्या आडव्या आल्या. साहेब म्हणाला तोडा. मिस्त्रीची टोळी म्हणाली, ज्याच्या सावलीत आम्ही महिनाभर जेवलो त्याच्या मुळ्या आम्ही नाही तोडणार. आणि नळच वळवला. नकाशात मात्र सरळ दाखवून मोकळे झाले. पुढे झाड गेलं, वळण राहिलं."

सून त्या मोकळ्या फरशीकडे बघतच राहिली. "बाबा," ती म्हणाली, "हे लोकांना दाखवायचं कसं?"

काका गालात हसले आणि घरी जाऊन माळ्यावरून आपला ऐकायचा दांडा काढून आणला. नळ कुठे फुटलाय ते शोधायची ही जुनी पद्धत. लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई जमिनीवर टेकवायची, वाटी कानाला लावायची, की खालचं पाणी बोलतं. नळाच्या बरोबर वर आवाज मोठा, दोन पावलं सरकलात की गप्प. सुनेने पहिल्यांदा कान लावला तेव्हा ती एवढ्याने दचकली की समोरच्या पेपरवाल्याने वळून पाहिलं. "अगंबाई! चक्क वाहतंय!"

"मग? छत्तीस वर्षं मी काय वारा सोडत होतो?" काका म्हणाले. पण त्यांना इतका आनंद झाला होता की परतताना ते दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले. पोराने लहानपणापासून कधी त्या दांड्याला कान लावला नव्हता, त्याला वरच्या मजल्यांचीच ओढ. आणि ही परक्या गावची मुलगी गुडघ्यावर बसून ऐकत होती. ही गेली तर मी सकाळी सहाला उठून काय करू, हा विचार त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट आला, आणि त्यांनी तो खाकरून बाहेर काढायचा प्रयत्न केला.

परीक्षा त्याच शनिवारी सकाळी आली, ज्या शनिवारी संध्याकाळी मुलाला उत्तर द्यायचं होतं. परीक्षक बाई म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला, आणि शहराचं ते पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. निकाल त्या जागच्या जागी तोंडावर सांगायच्या. नियम एकच पण कडक होता. उमेदवाराबरोबर घरचं कोणी नको, मदत दिसली की परीक्षा रद्द.

"बाबा, तुम्ही घरीच थांबायचं हं," सून निघताना म्हणाली.

"मी कशाला येतोय? मला कामं नाहीत का?" काका म्हणाले.

पाच मिनिटांनी त्यांनी मुलाचा कोट चढवला, मुलाची टोपी कपाळावर ओढली आणि निघाले. कोट खांद्यात मोठा होता, बाह्या बोटांवर येत होत्या. आपल्याला आता कोणी ओळखत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. वाटेत चार जणांनी "काय चावीकाका, कोट नवा वाटतं?" म्हणून विचारलं, तरी ती समजूत हलली नाही.

सून झकास बोलत होती. मनोरा, बाजाराचे एक्केचाळीस खांब, पूल, सगळं तारीखवार. परीक्षक बाई कानामागे पेन्सिल लावून तोंडाची रेघही न हलवता चालत होत्या. गार भिंतीशी मात्र त्यांनी हात लावून पाहिला आणि मग, आजूबाजूला कोणी बघत नाही असं वाटून, गालही लावून पाहिला. काकांनी कोपऱ्याआडून ते टिपलं. सज्ज्यांखाली तर वरून नेमका भांडणाचा आवाज आला आणि बाई चक्क हसल्या. काकांनी मुठी आवळल्या. दोन झाली! आता एकच!

दहाच्या सुमाराला दोघी चौकात पोहोचल्या. काका बूटपॉलिशवाल्याच्या खोपटाआड उभे राहिले. सुनेने झाडाची गोष्ट सांगितली, मिस्त्री सांगितला, मुळ्या सांगितल्या. बाईंच्या भुवया वर वर जात चालल्या होत्या.

"इथे झाड?" बाई म्हणाल्या. "मुली, हे मैदान मी अकरा वर्षं अभ्यासलंय. इथे कधी झाड नव्हतं."

"नळ सांगतो तसं," सून म्हणाली. तिने पिशवीतून दांडा काढला. "नळ इथून सरळ गेला असता. पण तो वळतो. तुम्हीच ऐका." तिने सळई टेकवली, वाटीला कान लावला, आणि तिचा चेहरा उतरला. काहीच ऐकू येईना. घाबरल्यामुळे ती चुकीच्या फरशीवर उभी होती. तिने पुन्हा कान लावला. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली.

आणि काकांना राहवलं नाही. सगळं आयुष्य ज्याने दोन पावलांची चूक सहन केली नाही, तो माणूस खोपटाआडून ताडकन बाहेर आला आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं डावीकडे! दोन पावलं डावीकडे!"

कबुतरं उडाली. सून जागच्या जागी थिजली. काकांना आपण काय करून बसलो ते कळलं, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"हे कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मी? मी कोणी नाही," काका घाईघाईने म्हणाले. "रस्त्याने चाललो होतो. या बाईंना मी ओळखतसुद्धा नाही. सूनबाई, तू... म्हणजे बाई, तुम्ही चालू द्या तुमचं."

बूटपॉलिशवाल्याने कपाळाला हात लावला.

"माझे सासरे आहेत," सून म्हणाली. एका दमात म्हणाली, मान वर करून. "हे सगळं त्यांनीच मला शिकवलंय. ओळख नाकारून मला परवाना नकोय."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी पर्स फरशीवर ठेवली. "रद्द करायचं की नाही ते मागाहून," त्या म्हणाल्या. "आधी मला ऐकू द्या. डावीकडे ना?"

दोन पावलं डावीकडे बाईंनी वाटी कानाला लावली, आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला. नंतर जे झालं ते त्या चौकाने पूर्वी कधी पाहिलं नसेल. शाळेची सवय म्हणून बाईंच्या पर्समध्ये खडू असायचाच. जिथे आवाज मोठा तिथे खडूने फुली, मग पुढे. गुडघ्यांवर बाई, शेजारी सून, आणि मागे काका "आणखी एक फरशी, आता जरा उजवीकडे" करत. बघे जमले. एका बाईने "काय हरवलंय?" म्हणून विचारलं आणि स्वतःच शोधायला लागली. अर्ध्या तासाने सगळे उभे राहिले तेव्हा फरशीवर तेवीस फुल्या होत्या. सरळ आल्या होत्या, मधोमध एका मोठ्या रिकाम्या गोलाला बाजूने वळसा घातला होता आणि पुन्हा सरळ गेल्या होत्या.

बाई त्या गोलाच्या कडेला उभ्या होत्या, आत पाय ठेवत नव्हत्या.

"वळण आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात नाही, पण आहे. आता झाडच होतं का, ते मला कचेरीत जुन्या फोटोंच्या पेटीत बघावं लागेल. आणि मधे जो आरडाओरडा झाला त्याचं काय करायचं तेही ठरवावं लागेल. निकाल सोमवारी."

(सोमवारी तो फोटो सापडला, झाडासकट, आणि परवानाही मिळाला. हे मी आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या शनिवारी हे कोणालाच माहीत नव्हतं.)

"सोमवारी?" काका किंचाळले. "सोमवारी काय उपयोग, बाई? आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय!"

"कसलं उत्तर?"

आणि मग काकांचा बांधच फुटला. "पोराला दुसऱ्या गावी जागा मिळतेय. हिला परवाना मिळाला तर राहणार, नाही तर जाणार. ओरडलो मी, चूक माझी, मला काय हवी ती शिक्षा करा. चौकात अंगठे धरून उभा राहतो. पण हिला नापास करू नका हो. हे दोघं गेले तर मी त्या घरात काय करू? रेडिओ मी ऐकतच नाही. मला आवडत नाही रेडिओ! सकाळी कोणाला घेऊन फिरू? काय दाखवू, आणि कोणाला?" बोलता बोलता कोटाच्या लांब बाहीने त्यांनी नाक पुसलं.

सून त्यांच्याकडे अशी बघत होती जशी पहिल्यांदाच बघतेय. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला आम्ही हवे आहोत?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग 'खुशाल जा' कोण म्हणालं? खोकी कोणी आणली? सहा खोकी, बाबा! आम्हाला वाटलं तुम्हाला आमची अडचण होतेय. घर मोकळं हवंय. यांना ती जागा मनातून नकोच होती, तुम्ही थांबा म्हणाल म्हणून तुम्हाला विचारलं होतं. पण खोकी दिसली त्या दिवसापासून म्हणायला लागले, बाबांनाच आपण नको झालोय, आता परवाना नाही मिळाला तर निघायचंच. मी रोज सकाळी तुमच्याबरोबर यायचे ते काय नुसती ठिकाणं शोधायला? मला वाटायचं, आज तरी म्हणतील थांबा म्हणून. तुम्ही आपले आठ इंची, सहा इंची!"

पंधरा दिवस! पंधरा दिवस तिघं एका छपराखाली एकमेकांना जा म्हणत होते आणि कोणालाच जायचं नव्हतं.

"एवढं साधं बोलता येत नाही तुम्हा लोकांना?" परीक्षक बाई गुडघ्यांवरची धूळ झटकत म्हणाल्या. "आणि मी तोंडी परीक्षा घेत बसलेय."

सुनेने फोन काढला, नवऱ्याला लावला आणि तो बोलायच्या आत काकांच्या हातात दिला. "हं. तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

"बाबा?" पलीकडून मुलाचा आवाज आला. मागे कुठेतरी लिफ्टची घरघर चालू होती. "काय झालं? ती पास झाली का?"

"नाही. म्हणजे सोमवारी," काका म्हणाले. "तू कसा आहेस?"

"सकाळी तर भेटलो आपण. बाबा, काय झालंय?"

"काही नाही. ते... तुझा कोट मी घेतलाय."

सुनेने डोळे वटारले. बूटपॉलिशवाला काम सोडून पुढे आला होता. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला, घसा साफ केला, एकदा झाला नाही म्हणून पुन्हा केला.

"जाऊ नकोस रे," ते म्हणाले. "दोघंही जाऊ नका. मला करमणार नाही."

पलीकडे लिफ्ट थांबली.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मी आत्ता त्यांना नाही म्हणून कळवतो. तुम्ही फक्त फोन ठेवू नका. आणि मघाशी म्हणालात ते आणखी एकदा म्हणा."